एका अरेका पामची दोन झाडं कशी करायची? खोड कापण्याआधी हे वाचा

हॉलच्या कोपऱ्यातला अरेका पाम तीन-चार वर्षांत छताला टेकू लागतो. कुंडीच्या तळाच्या छिद्रातून मुळं बाहेर येतात आणि घातलेलं पाणी लगेच वाहून जातं. अशा वेळी अनेक जण मनी प्लांटसारखी त्याची एक फांदी कापून पाण्यात ठेवतात. काही आठवड्यांनी ती कुजते आणि मूळ झाडाचं एक खोडही वाया जातं.

असं का होतं?

मनी प्लांटच्या प्रत्येक पेराला मुळं फुटू शकतात. पाममध्ये तशी सोय नसते. अरेकाच्या प्रत्येक खोडाला वाढीचा एकच कोंब असतो, तो शेंड्याशी. शेंडा कापला की ते खोड पुन्हा वाढत नाही आणि कापलेल्या तुकड्याला मुळं येत नाहीत. रूटिंग हार्मोन लावूनही उपयोग होत नाही.

मग नवं झाड कसं मिळतं?

त्याचे दोनच मार्ग आहेत, बी पेरणं किंवा विभाजन. मूळचा मादागास्करचा असलेला हा पाम बेटासारखा वाढतो, म्हणजे त्याच्या बुंध्यातून नवे फुटवे येतात. शिवाय नर्सरीत कुंडी भरगच्च दिसावी म्हणून अनेकदा एकाच कुंडीत बरीच रोपं लावलेली असतात. त्यामुळे एका कुंडीतले गट मुळांसकट वेगळे करता येतात. (नावात अरेका असलं तरी ही सुपारी नव्हे. सुपारीचं झाड वेगळं.)

कधी करायचं?

पाऊस स्थिरावला की, म्हणजे साधारण जून अखेर ते ऑगस्ट. हवेत दमटपणा असतो आणि झाड वाढीला लागलेलं असतं. मे महिन्याच्या उन्हात झावळ्या सुकतात आणि थंडीत मुळं सावकाश वाढतात. म्हणून हे दोन्ही काळ टाळावेत.

कसं करायचं?

१. आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी घाला. ओली मुळं कमी तुटतात.
२. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा. खोड धरून ओढू नका.
३. मुळांवरची माती पाण्याने हळूहळू धुवा. कोणतं मूळ कोणत्या खोडाचं, हे तेव्हाच कळतं.
४. गुंता बोटांनी सोडवा. बुंधे जोडलेले असतील तिथेच स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने काप द्या.
५. प्रत्येक गटात किमान तीन-चार खोडं आणि त्यांची स्वतःची मुळं हवीत. एकटं खोड सहसा तग धरत नाही.
६. मुळांपेक्षा थोडीच मोठी, छिद्र असलेली कुंडी घ्या. माती, कोकोपीट, जाड वाळू आणि थोडं गांडूळ खत मिसळून भरा. झाड आधी होतं तेवढ्याच खोलीवर लावा.

नंतर काय?

कुंडी महिनाभर उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. या काळात झाडं मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने, कारण दुखावलेली मुळं पाणी नीट ओढू शकत नाहीत आणि कुजतात. रासायनिक खतही लगेच नको.

खालच्या एक-दोन झावळ्या पिवळ्या पडतील. त्याने घाबरून कुंडी पुन्हा उकरू नका. पामला मुळं हलवलेली आवडत नाहीत. मधोमध भाल्यासारखं मिटलेलं नवं पान वर येऊ लागलं की झाड रुजलं असं समजावं. त्याला दोन-तीन महिनेही लागू शकतात.

झाड निरोगी असेल आणि फक्त कुंडी लहान पडली असेल, तर विभाजन न करता ते मोठ्या कुंडीत हलवणं जास्त सुरक्षित. दोन झाडं खरंच हवी असतील, तरच सुरी हातात घ्यावी.