हौशी खेळाडू ते गव्हर्नर : लॉर्ड हॅरिस आणि पुणे

प्रस्तावना :

पुण्यात दापोडी येथे मुळा नदीवरील हॅरिस पुलावरून दररोज असंख्य वाहने ये-जा करतात. परंतु हा पूल ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस हे ऑक्सफर्ड विद्यापीठाचे नामवंत क्रिकेटपटू होते, ही बाब फारशी ज्ञात नाही. मैदानावर घडलेली हौशी खेळाडूची मूल्ये वसाहतीच्या राज्यकारभारात कितपत टिकली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्रीडाजीवन :

जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५१ रोजी त्रिनिदाद येथे झाला. ईटन येथील शिक्षणानंतर ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाले व १८७१, १८७२ आणि १८७४ या वर्षी विद्यापीठाच्या संघातून खेळले. तत्कालीन इंग्लंडमध्ये खेळाडूंचे दोन वर्ग होते : मानधन न घेणारे हौशी ‘सद्गृहस्थ’ आणि वेतन घेणारे व्यावसायिक. हॅरिस पहिल्या वर्गातील होते. केंट परगण्याच्या संघाचे नेतृत्व करून त्यांनी इंग्लंडचे कर्णधारपदही भूषविले. ८ फेब्रुवारी १८७९ रोजी सिडनी येथे पंचाच्या निर्णयावरून प्रेक्षक मैदानात घुसले. पंचाच्या बचावासाठी धावलेल्या हॅरिस यांच्यावर काठीचा प्रहार झाला. तरीही त्यांनी मैदान सोडले नाही. कर्तव्याची जागा न सोडणे हा हौशी खेळाडूच्या नीतीचा गाभा मानला जात असे.

गव्हर्नरपदाचा काळ :

१८९० ते १८९५ या काळात हॅरिस मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पावसाळ्यात शासनाचा मुक्काम पुण्यात असे व गव्हर्नर गणेशखिंड येथील निवासस्थानी राहत. ११ ऑगस्ट १८९३ रोजी मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा हॅरिस पुण्यातच होते. ते नवव्या दिवशी मुंबईस परतले. तेही मुख्यतः क्रिकेटच्या सामन्यासाठी, अशी टीका त्यांच्यावर झाली. सिडनीत मैदान न सोडणारा कर्णधार मुंबईच्या संकटसमयी आपल्या जागी नव्हता, ही विसंगती लक्षणीय आहे.

त्यांच्या कारकिर्दीत युरोपियन व पारशी संघांच्या सामन्यांना १८९२ पासून प्रतिष्ठा लाभली, तसेच १८९४ मध्ये मुंबईत हिंदू जिमखाना स्थापन झाला. यामुळे एतद्देशीयांना मैदाने मिळाली. मात्र खेळाची मांडणी धर्मनिहाय झाली.

पुण्यातील दुसरी बाजू :

याच दशकात पूना जिमखान्यावर चर्मकार समाजातील पालवणकर बाळू अल्प वेतनावर मैदानाची देखभाल करीत आणि कॅप्टन ग्रेग आदी युरोपियन फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करीत. या श्रमातूनच त्यांची डावखुरी फिरकी सिद्ध झाली. पुढे पुण्यातील हिंदू संघाने त्यांना खेळविले. परंतु चहा मात्र वेगळ्या भांड्यात दिला. भारतीयांच्या अंगी क्रिकेटला आवश्यक तो संयम नाही, असे हॅरिस यांचे मत होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी मिळविले. संयमाचा याहून सबळ पुरावा देता येणार नाही.

मूल्यमापन :

हॅरिस यांना केवळ क्रिकेटचे आश्रयदाते ठरविणे अथवा केवळ बेजबाबदार प्रशासक ठरविणे एकांगी होईल. मुंबईतील शालेय स्पर्धेची हॅरिस ढाल त्यांचे नाव आजही जपते. याच स्पर्धेत १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी रचली. तथापि, हौशीपणाला मोकळा वेळ व सुरक्षित उत्पन्न लागते. ज्यांना ते लाभले त्यांनी संयमाचे निकष ठरविले; ज्यांना लाभले नाही त्यांनी ते निकष श्रमाने पूर्ण केले.

निष्कर्ष :

हॅरिस यांचे २४ मार्च १९३२ रोजी केंटमध्ये निधन झाले. गणेशखिंडीतील त्या वास्तूत पुढे पुणे विद्यापीठ उभे राहिले. पुण्यात हॅरिस यांच्या नावाचा पूल आहे. मात्र पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास लिहिताना त्या नावाशेजारी बाळूंचे नाव लिहिल्याखेरीज तो पूर्ण होणार नाही.