तपासणी फक्त बाईची



१८६८ साली इंग्रजांनी सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला. वेश्याव्यवसायातल्या बाईने नाव नोंदवायचं, ठरलेल्या दिवशी तपासणीला जायचं आणि रोग दिसला की रवानगी थेट 'लॉक हॉस्पिटल'मध्ये. गिऱ्हाइकाची तपासणी? छे! म्हणजे नेटवर्कमधलं एकच मशीन स्कॅन करायचं आणि बाकीची तशीच सोडायची.

बरं, तपासणी म्हणजे नुसतं डोळ्यांनी पाहणं. उपदंशाचा जंतूच मुळी १९०५ मध्ये सापडला आणि रक्तचाचणी आली १९०६ मध्ये. परमा तर बायकांमध्ये बरेचदा लक्षणंच दाखवत नाही. त्यात दोन्ही रोग एकाच शरीरात असू शकतात. जॉन हंटरसारखा नामांकित सर्जनही ते एकच समजला होता! १८८८ मध्ये कायदा रद्द झाला.

१९८६ मध्ये भारतात एचआयव्ही प्रथम सापडला तो मद्रासमध्ये, ह्याच व्यवसायातल्या बायकांच्या रक्तात. उपदंशाच्या जखमेतून ह्या विषाणूला आयती वाट मिळते, म्हणून जुन्या रोगांवर उपचार करणं आणखीच निकडीचं झालं. पण बोट पुन्हा बाईकडेच.

सांगलीत मात्र 'संग्राम' संस्थेने कंडोम वाटायचं काम ह्या बायकांच्याच हाती दिलं. पुढे १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली. नाव ठेवलं वेश्या अन्याय मुक्ती परिषद.