मिनी ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल जास्त का तापते? कारण कसे शोधावे?

द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांत, अरुंद ओळींमध्ये चालणाऱ्या मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट सकाळी चांगली उचलते आणि दुपारी मंद होते, ही नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी बरेचदा थेट पंप बदलला जातो. पण तापलेले तेल हे फक्त लक्षण असते. मूळ कारण तसेच राहिले तर नवा पंपही लवकर खराब होतो.

उष्णता येते कुठून?

इंजिनवर चालणारा पंप तेल दाबाने पुढे ढकलतो. त्या तेलाने अवजार उचलले, तर शक्ती कामी येते. काहीही न उचलता तेच तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत गेले, तर जवळजवळ सगळी शक्ती उष्णतेत बदलते.

समजा, पंप मिनिटाला २० लिटर तेल देतो आणि व्हॉल्व्ह १५० बार दाबाला उघडतो. सगळे तेल त्यातून जात राहिले, तर ५ किलोवॅट उष्णता तयार होते. म्हणजे २ किलोवॅटच्या दोन गिझरपेक्षाही जास्त. यंत्रणेत २० लिटर तेल असेल, तर त्याचे तापमान मिनिटाला ८ ते ९ अंशांनी चढू शकते.

कामाच्या वेळी तेल ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत जाणे सहसा काळजीचे नसते. ते सतत ८० अंशांच्या वर राहिले, तर तेल पातळ होते, लवकर खराब होते आणि रबरी सील कडक पडतात. हात लावून अंदाज घेऊ नये, चटका बसू शकतो. थर्मामीटर गन वापरावी, मात्र चकचकीत धातूवर ती कमी तापमान दाखवते.

आधी तेल पाहा

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून डिपस्टिक काढावी.

- पातळी कमी: थोडेच तेल पुन्हा पुन्हा फिरते, त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही.
- दुधाळ रंग: तेलात पाणी गेले आहे.
- फेस: सक्शन पाइपच्या जोडातून हवा ओढली जात असावी.
- काळपट रंग, जळका वास: तेल आधीच खूप तापलेले आहे, ते बदलावे.

बऱ्याच मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, लिफ्ट आणि ऑइल ब्रेक यांना एकच तेल असते. तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच तेल घालावे. दुसरे तेल घातल्यास ब्रेकही बिघडू शकतात.

तेल कधी तापते?

- लिफ्ट पूर्ण वर असताना: सतत गुरगुर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहतो आहे. लिव्हर किंचित खाली घेतल्यावर आवाज थांबला, तर लिंकेजचे सेटिंग तपासावे.
- ट्रॉली उचलताना: जॅक पूर्ण उघडल्यावरही लिव्हर धरून ठेवला, तर तेल व्हॉल्व्हमधूनच जात राहते. क्विक कपलर नीट बसला नसेल तरी तेल अडते आणि तापते.
- लिफ्ट न वापरता, रस्त्यावर चालताना: तेल सामाईक असेल, तर चाक न सोडणारे ब्रेक तपासावेत.
- पंप कण्हत असेल तर: सक्शनची जाळी किंवा फिल्टर चोंदलेला असावा. ही साफसफाई स्वस्त आहे, म्हणून पंप उघडण्याआधी ती करावी.

पंप की सील?

तेल गरम असताना अवजार वर उचलून इंजिन बंद करावे आणि लांब उभे राहून पाहावे. अवजार लगेच खाली येऊ लागले, तर गळती सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आहे. इंजिन चालू असताना लिफ्ट सारखी थोडी खाली-वर होणे हीदेखील त्याचीच खूण आहे. याउलट, अवजार वर टिकून राहते, पण गरम तेलावर उचलायला वेळ लागतो आणि जाळी साफ आहे, तर पंप झिजला असण्याची शक्यता वाढते.

हे करू नका

उचललेल्या अवजाराखाली जाऊ नये. पाइपची गळती बोटाने शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. दाबाखालचे तेल सुईसारखे कातडीत घुसते. जखम बारीक दिसली तरी लगेच रुग्णालयात जावे, उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो.

लिफ्ट जोर धरत नाही म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह अंदाजाने आवळू नये. त्यामुळे दाब मर्यादेबाहेर जाऊन पाइप किंवा पंप फुटू शकतो. ते सेटिंग प्रेशर गेज लावूनच करतात. मेकॅनिककडे जाताना तेल कोणत्या कामात, किती वेळाने तापते आणि तेव्हा कसा आवाज येतो हे लिहून न्यावे. त्यावरून बिघाड लवकर सापडतो आणि नको तो भाग बदलला जात नाही.