परिचय : शरद यादव – जबलपूरचा विद्यार्थी नेता ते राष्ट्रीय राजकारणी

जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून सार्वजनिक जीवनात आलेले शरद यादव यांनी जवळपास पाच दशके राष्ट्रीय राजकारणात काढली. ते सात वेळा लोकसभेवर निवडून आले, दोन पंतप्रधानांच्या मंत्रिमंडळात त्यांनी काम केले आणि दहा वर्षे संयुक्त जनता दलाचे अध्यक्षपद भूषविले. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि बिहार या तीन राज्यांतून लोकसभेत पोहोचलेले ते नेते होते. मात्र ज्या शहराने त्यांना प्रथम दिल्लीला पाठविले, त्या जबलपूरचे प्रतिनिधित्व ते १९८० नंतर पुन्हा करू शकले नाहीत. १२ जानेवारी २०२३ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे गुरुग्राम येथे निधन झाले.

जबलपूरची पार्श्वभूमी

मराठी वाचकांना जबलपूर अपरिचित नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हे शहर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाग होते. १९२३ चा झेंडा सत्याग्रह जबलपुरात सुरू होऊन नागपुरात पोहोचला. १९३९ चे काँग्रेसचे गाजलेले त्रिपुरी अधिवेशन याच शहरानजीक भरले होते. पुनर्रचनेनंतर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले.

स्वातंत्र्यानंतर येथील राजकारणावर काँग्रेसचे आणि विशेषतः सेठ गोविंद दास यांचे वर्चस्व होते. स्वातंत्र्यसैनिक, हिंदी नाटककार आणि हिंदी भाषेचे कट्टर पुरस्कर्ते असलेले गोविंद दास १९५२ पासून जून १९७४ मध्ये निधन होईपर्यंत लोकसभेचे सदस्य होते. त्यांच्या जागी काँग्रेसचाच उमेदवार येणार, हे त्या वेळी गृहीत धरले जात होते.

तुरुंगातून संसदेत

शरद यादव यांचा जन्म १ जुलै १९४७ रोजी तत्कालीन होशंगाबाद जिल्ह्यातील बाबई परिसरात एका शेतकरी कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी ते जबलपूरला आले. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी सुवर्णपदकासह मिळविली. परंतु नोकरीऐवजी त्यांनी विद्यार्थी चळवळीचा मार्ग पत्करला. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. आंदोलनांमुळे त्यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजेच 'मिसा'खाली, अनेकदा तुरुंगवास घडला.

१९७४ मध्ये बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन जोर धरत होते. जबलपूरची पोटनिवडणूक लागली, तेव्हा विरोधी पक्षांनी मते विभागू न देता एकच 'जनता उमेदवार' द्यावा, असा प्रयोग करण्यात आला. तुरुंगात असलेल्या यादव यांची या उमेदवारीसाठी निवड झाली आणि ते विजयी झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २७ वर्षे होते. विरोधक एकत्र आले तर काँग्रेसचा बालेकिल्लाही ढासळू शकतो, हे या निकालाने दाखवून दिले. हाच प्रयोग १९७७ मध्ये जनता पक्षाच्या रूपाने देशभर झाला. एका शहरातील पोटनिवडणुकीला देशव्यापी महत्त्व आले, ते यामुळे.

मधु लिमये यांच्यासमवेत राजीनामा

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाल्यानंतर यादव यांना पुन्हा अटक झाली. पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. सरकारने घटनेतील आणीबाणीच्या तरतुदींचा आधार घेऊन ती वाढविली. मतदारांनी दिलेली पाच वर्षांची मुदत संपल्यावर सभागृहात राहण्याचा आपल्याला नैतिक अधिकार नाही, अशी भूमिका घेऊन दोन सदस्यांनी तुरुंगातूनच राजीनामे दिले. त्यांपैकी एक मूळचे पुण्याचे आणि बिहारमधील बांका येथून निवडून आलेले मधु लिमये, तर दुसरे शरद यादव.

लिमये तेव्हा अनुभवी संसदपटू होते. यादव यांची संसदीय कारकीर्द जेमतेम सुरू झाली होती. त्यामुळे त्यांच्या राजीनाम्याचे मोल अधिक होते. १९७७ च्या निवडणुकीत जबलपूरने त्यांना पुन्हा निवडून दिले.

जबलपूर का सुटले?

जनता पक्षातील फुटीनंतर १९८० मध्ये जबलपूरची जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. यादव चौधरी चरणसिंह यांच्या लोकदलात गेले. १९८१ मध्ये अमेठीच्या पोटनिवडणुकीत त्यांनी राजीव गांधी यांच्याविरुद्ध लढत दिली. त्यात दोन लाखांहून अधिक मतांनी ते पराभूत झाले. १९८६ मध्ये ते उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर गेले आणि १९८९ मध्ये जनता दलाच्या उमेदवारीवर बदायूं येथून लोकसभेवर निवडून आले.

या स्थलांतरामागे मध्य प्रदेशातील राजकीय रचना होती. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मागास जातींच्या आधारावर समाजवादी पक्ष उभे राहिले. मध्य प्रदेशात मात्र मुख्य लढत काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष यांच्यातच राहिली. मागासवर्गीय नेतृत्वही याच दोन पक्षांतून पुढे आले. उमा भारती, बाबूलाल गौर, शिवराजसिंह चौहान आणि २०२३ मध्ये मोहन यादव हे भाजपचे मुख्यमंत्री त्याची उदाहरणे होत. लोकदल आणि जनता दल यांच्यासाठी तेथे फारशी भूमी उरली नाही.

जबलपूरची काँग्रेसविरोधी जागाही भाजपने व्यापली. १९८२ च्या पोटनिवडणुकीत आणि त्यानंतर १९८९, १९९६ व १९९८ मध्ये तेथून निवडून आलेले बाबूराव परांजपे हे त्याच पक्षाचे होते. परांजपे यांची कारकीर्द जबलपूरशीच निगडित राहिली. यादव यांचे क्षेत्र विस्तारत गेले, पण गावाकडची पकड सुटली.

मंडल आणि मधेपुरा

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारमध्ये यादव वस्त्रोद्योग आणि अन्नप्रक्रिया उद्योग मंत्री झाले. मंडल आयोगाच्या शिफारशींनुसार केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अन्य मागासवर्गांना २७ टक्के आरक्षण देण्याचा निर्णय ७ ऑगस्ट १९९० रोजी जाहीर झाला. त्यासाठी सरकारमध्ये आग्रह धरणाऱ्यांत यादव आणि रामविलास पासवान आघाडीवर होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९२ मध्ये हे आरक्षण वैध ठरविले.

१९९१ मध्ये यादव यांनी बिहारमधील मधेपुरा हा मतदारसंघ निवडला. आयोगाचे अध्यक्ष बिंदेश्वरी प्रसाद मंडल याच भागातील होते आणि त्यांनी मधेपुराचे लोकसभेत प्रतिनिधित्वही केले होते. लालूप्रसाद यादव त्या वेळी बिहारचे मुख्यमंत्री आणि शरद यादव यांचे सहकारी होते. पुढे दोघांत वितुष्ट आले. १९९७ मध्ये जनता दलाच्या अध्यक्षपदावरून संघर्ष झाला आणि लालूप्रसाद यांनी राष्ट्रीय जनता दल हा वेगळा पक्ष काढला.

त्यानंतर मधेपुरा ही दोघांमधील प्रतिष्ठेची लढत बनली. १९९८ मध्ये लालूप्रसाद जिंकले, १९९९ मध्ये शरद यादव आणि २००४ मध्ये पुन्हा लालूप्रसाद. बाहेरून आलेल्या नेत्याला स्थानिक नेत्याविरुद्ध प्रत्येक वेळी नव्याने पाय रोवावे लागत होते.

वाजपेयी सरकार आणि रालोआ

१९९९ मध्ये जनता दलात फूट पडली. एच. डी. देवेगौडा यांनी धर्मनिरपेक्ष जनता दल स्थापन केले, तर यादव यांच्या नेतृत्वाखालील गट राष्ट्रीय लोकशाही आघाडीबरोबर गेला. अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळात यादव यांनी नागरी हवाई वाहतूक, कामगार आणि ग्राहक संरक्षण ही खाती क्रमाक्रमाने सांभाळली. ते हवाई वाहतूक मंत्री असतानाच डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या काठमांडू-दिल्ली विमानाचे अपहरण होऊन ते कंदाहारला नेण्यात आले.

२००३ मध्ये समता पक्ष संयुक्त जनता दलात विलीन झाला. २००६ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांचा पराभव करून यादव पक्षाध्यक्ष झाले. पुढे ते राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे संयोजकही झाले. जून २०१३ मध्ये पक्ष आघाडीतून बाहेर पडेपर्यंत हे पद त्यांच्याकडे होते. दिल्लीतील व्यवहार यादव पाहत आणि बिहारमधील सत्ता व संघटना नितीशकुमार यांच्या हाती असे, अशी ही विभागणी होती.

वादग्रस्त भूमिका

सामाजिक न्यायाचे पुरस्कर्ते असलेल्या यादव यांनी महिला आरक्षण विधेयकाला मात्र सातत्याने विरोध केला. आरक्षणांतर्गत मागासवर्गीय महिलांसाठी स्वतंत्र कोटा नसेल, तर त्याचा लाभ केवळ उच्चवर्णीय, शहरी महिलांना होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद गंभीर होता. परंतु १९९७ मध्ये लोकसभेत तो मांडताना केस कापलेल्या महिलांचा त्यांनी केलेला उल्लेख अवमानकारक ठरला. २०१५ मध्ये राज्यसभेत दक्षिण भारतीय महिलांच्या वर्णाविषयी त्यांनी केलेल्या टिप्पणीवरही तीव्र टीका झाली.

जनगणनेत जातीची नोंद व्हावी, ही त्यांची दुसरी जुनी मागणी. आगामी जनगणनेत अशी नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. तो पाहण्यास यादव हयात नव्हते.

अखेरचा काळ

२००९ मध्ये मधेपुराने यादव यांना पुन्हा निवडून दिले, पण २०१४ मध्ये ते पराभूत झाले आणि राज्यसभेवर गेले. एप्रिल २०१६ मध्ये पक्षाध्यक्षपद नितीशकुमार यांच्याकडे गेले. जुलै २०१७ मध्ये नितीशकुमार यांनी पुन्हा भाजपशी हातमिळवणी केली, तेव्हा यादव यांनी त्यास उघड विरोध केला. ज्या पक्षाचे दहा वर्षे ते अध्यक्ष होते, त्याच पक्षाच्या अर्जावरून डिसेंबर २०१७ मध्ये त्यांचे राज्यसभा सदस्यत्व रद्द झाले. आमदार, कार्यकर्ते आणि पक्षाची यंत्रणा पाटण्यात होती. यादव यांच्या पाठीशी स्वतःचे असे राज्य नव्हते.

२०१८ मध्ये त्यांनी लोकतांत्रिक जनता दल स्थापन केले. २०१९ मध्ये त्यांनी मधेपुरातून जुने प्रतिस्पर्धी लालूप्रसाद यांच्या पक्षाच्या चिन्हावर निवडणूक लढविली, पण यश आले नाही. मार्च २०२२ मध्ये त्यांनी आपला पक्ष राष्ट्रीय जनता दलात विलीन केला.

निधनानंतर १४ जानेवारी २०२३ रोजी त्यांच्यावर नर्मदापुरम जिल्ह्यातील आंखमऊ या मूळ गावी अंत्यसंस्कार करण्यात आले. होशंगाबाद जिल्ह्याचे हे नवे नाव.

कारकिर्दीतील ठळक टप्पे

१९७४ : जबलपूर पोटनिवडणुकीत विजय
१९७६ : लोकसभेची मुदत वाढविल्याच्या निषेधार्थ राजीनामा
१९७७ : जबलपूरमधून फेरनिवड
१९८९ : बदायूं येथून लोकसभेवर, केंद्रीय मंत्री
१९९१, १९९६, १९९९, २००९ : मधेपुरातून लोकसभेवर
१९९९ ते २००४ : वाजपेयी मंत्रिमंडळात मंत्री
२००६ ते २०१६ : संयुक्त जनता दलाचे अध्यक्ष
२०१७ : राज्यसभा सदस्यत्व रद्द
२०२२ : लोकतांत्रिक जनता दलाचे राष्ट्रीय जनता दलात विलीनीकरण
२०२३ : निधन