कुंडीतली कळलावी

श्रावण-भाद्रपदात सातपुड्याच्या पायथ्याला झुडपांवर ज्वाळांसारखी वर उसळलेली फुले दिसतात, ती कळलावीची. ग्लोरिओसा सुपर्बा हे तिचे शास्त्रीय नाव. अग्निशिखा, वाघनखी या नावांनीही ती परिचित आहे, तर नांगरासारख्या कंदामुळे संस्कृतात तिला लांगली म्हणतात. पानांची टोकेच तणावे बनून आधाराला विळखा घालतात. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी आणि शेवटी लाल होतात.

ही रानवेल घरातील कुंडीत वाढते. मात्र खानदेशातील काळी माती तिला मानवत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. पोयटा, जाड वाळू व कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन दहा-बारा इंची कुंडी भरावी. मृगाच्या सुमारास कंद दोन-तीन इंच खोल, आडवा लावावा. त्याच्या टोकाशी असलेला डोळा अतिशय नाजूक असतो. तो मोडल्यास त्या टोकाकडून कोंब येत नाही. सकाळचे ऊन मिळणारी पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी उत्तम. अंधाऱ्या खोलीत वेल नुसतीच लांबते, फुलत नाही. आधाराला बांबूची काडी पुरते.

पावसाळा सरल्यावर पाने पिवळी पडतात. वेल मेली असे समजून अनेकजण कुंडी रिकामी करतात, ही चूक होय. कंद केवळ झोपलेला असतो. पाणी बंद करावे. जळगावचा मे महिन्यातील पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे गच्चीवरील कुंडीत कंद भाजून निघतो. तो काढून सावलीत, कोरड्या वाळूत ठेवावा.

वेलीच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे विष असते. कंदात व बियांत विशेष. पोटात गेल्यास काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात, पुढे मृत्यूही ओढवू शकतो. लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून तिचे नाव पडले असले, तरी तो प्रयोग घरी कदापि करू नये. रांगते मूल किंवा पाळीव जनावर असलेल्या घरात ही वेल नकोच.

कंद रोपवाटिकेतूनच घ्यावा. यावल अभयारण्यातून वनस्पती उपटून आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. बियांपासूनही रोपे होतात, पण फुलांसाठी काही वर्षे थांबावे लागते. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. तो रताळ्यासारखा दिसत असल्याने साठवणीच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘विषारी’ लिहून डबा स्वयंपाकघराबाहेर, कुलपात ठेवावा.