शिळेवरील संख्या आणि शिपायांची नावे



सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ वीर गमावले. त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभे आहे. प्रभू प्रत्येकाला जाणतो. परंतु आपणांस स्मरण करावयाचे तर संख्या पुरत नाही, नाव हवे.

ते शोधणे सोपे नव्हे. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या; १९१६ साली कुतच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली. १९२९ साली बसरा येथे स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली; हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी. या भेदाबद्दल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली क्षमा मागितली. आयोगाच्या नोंदींत पलटण, क्रमांक, मृत्युदिन व पुष्कळदा पित्याचे नाव आणि गावही आढळते. इंग्रजी लिपीत नावांची रूपे बिघडतात; म्हणून त्या घराण्यांतील वृद्धांस विचारावे, जपलेली पदके व कागद ताडून पाहावेत.

आपला तुळजापूर तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे लान्सर घोडदळही पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनच्या पवित्र भूमीपर्यंत गेले होते. तेव्हा हा शोध आपल्यालाही परका नाही.

नोव्हेंबरात आपण आपल्या मृतांची नावे लिहून वेदीपाशी ठेवतो. या महोत्सवी वर्षी त्या कागदावर, ज्याचे नाव घेणारे कोणी उरले नाही अशा एका शिपायाचे नावही शोधून लिहावे, ही विनंती.