जकात आणि जोखीम: जयगडच्या खाडीमुखातून

जयगडच्या बुरुजावरून शास्त्री नदी समुद्राला मिळताना दिसते. विजापूरकरांच्या काळातला हा किल्ला पुढे आंग्र्यांकडे आणि पेशव्यांकडे गेला. त्याच्या पायथ्याशी खाडीत शिरलेले गलबत संगमेश्वराच्या वाटेला लागे आणि तिथून माल घाटावर चढे. अशा वाटेवर दोन हिशेब सतत चालत आले: सरकारचा वाटा किती, आणि माल बुडाला तर नुकसान कोणाचे. आज करसल्लागाराकडे बसलेला व्यापारी किंवा विम्याचा हप्ता मोजणारे कुटुंब हेच दोन हिशेब मांडते.

पहिल्या हिशेबासाठी आपण १६७१ सालाकडे जाऊ. त्या वर्षी शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीविषयी पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त पडे, म्हणून व्यापारी तिकडे वळत आणि संगमेश्वराकडचे मीठ पडून राहण्याची भीती होती. बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठाच्या भावाला येईल, असा त्या पत्राचा आशय. खजिना भरण्यापलीकडे जाऊन स्थानिक मिठागराला सावरण्यासाठी कर कसा वापरावा, याचा इतका नेमका विचार सतराव्या शतकातल्या कागदावर सापडतो, याचे मला प्रत्येक वाचनात अप्रूप वाटते.

दुसरा हिशेब जोखमीचा. पोर्तुगीजांचे ‘कार्ताझ’ नावाचे परवाने जवळ नसतील तर जहाज जप्त होई. पुढे आंग्र्यांचे दस्तक आले. परवाना चाच्यांपासून नाही तर निदान आरमारापासून वाचवी, वादळापासून मात्र नाही. त्यासाठी जोखमी हुंडी होती. माल पाठवणारा ती लिहून देई, सराफ ती विकत घेऊन पैसे आधीच पुढे करी. गलबत सुखरूप पोहोचले तर पलीकडचा माल घेणारा हुंडीची रक्कम देई. बुडाले तर सराफाचे पैसे बुडाले. कर्ज आणि विमा एकाच कागदावर! ‘विमा’ हा शब्दही फारसी ‘बीम’, म्हणजे भीती, यातून आलेला.

१८१८ मध्ये जयगड इंग्रजांकडे गेला; त्याच साली कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ ही विमा कंपनी निघाली. १८५७ च्या उठावाने रिता झालेला खजिना भरायला अर्थसदस्य जेम्स विल्सनने १८६० मध्ये प्राप्तिकर आणला आणि माणसाची कमाईच नाक्यावर आली. १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल निघाली, तिने हिंदी माणसाला गोऱ्यांइतकाच हप्ता लावला. पुढे कोकणातल्याच चिंतामणराव देशमुखांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात जीवनविम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. विम्यावर कर मात्र १९९४ च्या सेवाकरापासून आला. १ जुलै २०१७ पासून जीएसटीने तो १८ टक्क्यांवर नेला. भीतीपासून सावरण्यासाठी भरलेल्या पैशावरच कर, हे मला कधी पटले नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, पण कंपन्यांना आपल्या खर्चावरील कराची वजावटही मिळेनाशी झाली. त्यामुळे हप्ता कराच्या पूर्ण रकमेइतका उतरला का, हे पॉलिसीधारकाने पावत्या शेजारी ठेवून पाहावे. सरकारच्या वाट्याचा हिशेब जयगडला आजही चुकलेला नाही: त्याच दिवशी कोळशावरचा कर ५ वरून १८ टक्क्यांवर गेला आणि टनामागे ४०० रुपयांचा उपकर रद्द झाला. वीज जीएसटीबाहेर असल्याने वीजनिर्मात्याला या कराची वजावट नाही. आणि जयगडच्या बुरुजाच्या पलीकडे, २००९ मध्ये सुरू झालेल्या बंदरात उतरणारा कोळसा तिथल्याच औष्णिक केंद्रात जळतो.